रक्कम लहान, गुंतागुंत नाही

मी तोतरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण लिहिताना ते कुणाला कळायचं नाही आणि मग पुढचं सगळं उगाचच वाटेल. लिहिताना माझं काही अडत नाही. मनातल्या मनात तर मी असा बोलतो की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पण समोर माणूस उभा राहिला की जीभ टाळ्याला चिकटते, मान हलायला लागते, डोळे आपोआप मिटतात. समोरच्या बिचाऱ्यालाही कळत नाही, माझ्या ओठांकडे बघायचं की छताकडे. बहुतेक जण छताकडे बघतात.

धंदा खुर्च्या मढवण्याचा. जुनी खुर्ची आणा, स्टूल आणा, सोफा आणा. उसवून, आतलं कुजकं काढून, नवं भरून, वर नवं कापड चढवून देतो. या धंद्यात बोलावं लागत नाही अशी माझ्या वडिलांची समजूत होती, म्हणून त्यांनी मला यात घातलं. त्यांच्या ध्यानात एक आलं नाही. खुर्ची बोलत नाही, पण खुर्चीचा मालक बोलतो, आणि त्याला उत्तर लागतं.

पुढे मुलगी बोलायला लागली आणि माझं नशीब उघडलं. दुकानात एका स्टुलावर ती उभी राहायची. गिऱ्हाईक आलं, मी तोंड उघडलं, एखादं अक्षर कसंबसं बाहेर काढलं, की उरलेलं वाक्य ती पुरं करायची. "बाबा म्हणतात, कापड अजून आलं नाही, परवा या." कापड आलेलं असायचं, काम झालेलं नसायचं. हे मी तिला सांगितलेलं नसे. गिऱ्हाइकाला पटेल असं थोडं पदरचं घालायची तिची ती खोडच होती. लोक तिला कौतुकानं वकीलबाई म्हणायचे. माझ्या घरात उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणारं कुणीतरी जन्माला आलं, याचंच मला केवढं कौतुक.

वकीलबाई मोठी झाली. वकील नाही झाली, कोर्टात कारकून झाली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही रोज चढते आणि पगार घेऊन उतरते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सकाळी घाईत तिचा डबा राहिला तर मी नेऊन देतो. पहिल्यांदा नेला तेव्हा तिनं सांगितलं, "पायऱ्यांवर नको बाबा, कोपऱ्यावर थांबत जा. तिथे सावली असते." कोपऱ्यावर सावली नाही. तिथे एक विजेचा खांब आहे. मला कळलं होतं, आणि तिला दोष देण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. मी स्वतःसुद्धा माझ्याबरोबर चारचौघांत दिसू नये म्हणून जन्मभर धडपडलोय.

आता खुर्च्यांचं.

आमच्या रस्त्यावर दातांचे एक डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसणाऱ्यांसाठी आठ खुर्च्या होत्या. काम ठरलं ते फक्त वरचं कापड बदलायचं. दुकानात आणून उसवल्या तर खालचे पट्टे कुजलेले. पट्टे म्हणजे खुर्चीच्या चौकटीवर आडवे-उभे ताणून ठोकतात ते जाड विणीचे पट्टे. बसणाऱ्याचा सगळा भार त्यांच्यावर. ते गेले असतील तर वर मखमल लावली तरी उपयोग शून्य. पण पट्टे बदलायचे म्हणजे काम दुप्पट, मजुरी दुप्पट. डॉक्टरांना विचारायला हवं होतं.

मी गेलो. डॉक्टर एका बाईंच्या तोंडात वाकून काम करत होते. मी दारात उभा राहून सुरुवात केली. दोनतीनदा केली. डॉक्टर वर न बघताच म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा हो, त्यातलं तुम्हालाच कळतं." त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचंही तोंड उघडं आणि माझंही, आणि दोघांच्याही तोंडातून शब्द नाही. मी मान डोलावली आणि निघून आलो.

पदराला खार लावून पट्टे बदलता आले असते, तेही केलं नाही. ठरलं होतं तेवढं कापड चढवलं, सुरेख निळं, कडा इतक्या नीट की रस्त्यावरून जाणाऱ्यानं थांबून बघाव्यात. आठही खुर्च्या पोचत्या केल्या. मजुरी घेतली.

पुढे एक दिवस एक धिप्पाड गृहस्थ दाढ दाखवायला आले, खुर्चीवर बसले आणि बसतच गेले. पट्टे तुटले, गृहस्थ चौकटीत अडकले, गुडघे हनुवटीला. दोघांनी ओढून काढलं म्हणे. इजा काही झाली नाही, पण दाढ तशीच घेऊन ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि जाताना सगळ्या बाजारात सांगत गेले. मग डॉक्टरांनी उरलेल्या सात खुर्च्या उलट्या करून पाहिल्या आणि माझ्यावर दावा ठोकला. मजुरी परत, आठ नव्या खुर्च्यांची किंमत, शिवाय दवाखान्याची नाचक्की झाली त्याची भरपाई.

मुकाट्यानं भरून मोकळं होण्याइतकी ती रक्कम नव्हती. भरायची तर शिवणयंत्र विकावं लागलं असतं आणि मग दुकानात नुसता बसून राहिलो असतो. कोर्टाच्या मापात मात्र ती लहान होती. माप कोर्टाचं होतं, दुकान माझं.

मुलीला मी सांगितलं नाही. सांगायचं तर पट्टे आले, मान डोलावली ते आलं. त्याऐवजी जेवताना सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की तुमच्याकडे दावा आ-आ—

"आल्यावर काय होतं?" तिनं पुरं केलं. तिला नवल वाटलं असणार. आजवर मी तिच्या ऑफिसबद्दल कधी विचारलं नव्हतं. पण ती खूश झाली आणि भांड्यांची मांडणी करून दाखवायला लागली. "हे तीन कप्पे धरा. लहान, मधला, मोठा. आलेला प्रत्येक दावा यांतल्या एकात टाकायचा, हे माझ्या टेबलाचं काम. वर्गवारी म्हणतात त्याला. आधी बघायची रक्कम. लहान रक्कम, लहान कप्पा. तिथे वकिलांचं काम नाही. एक टेबल, त्याच्या एका बाजूला न्यायाधीश, समोर दोन्ही पार्ट्या. ज्यानं त्यानं आपलं आपण बोलायचं, आणि उठायच्या आत निकाल."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आ-आणि म—"

"मधल्यात वकील बोलतात. पार्टी गप्प बसली तरी चालतं. मोठ्यात तर विचारूच नका, तज्ज्ञ काय, साक्षीदार काय, वर्षानुवर्षं."

ती पुढेही बरंच बोलली. नुसत्या रकमेवर जायचं नसतं. लहान रकमेचा दावा गुंतागुंतीचा निघाला तर वर चढवायचा, आणि मोठ्या रकमेचा नुसता फुगवलेला असला तर खाली उतरवायचा. "फुगे फोडायला टाचणी ठेवलीय आम्ही," असं म्हणून ती हसली. हे सगळं मी ऐकलं असतं तर पुढचं रामायण झालं नसतं. पण माझे कान 'पार्टी गप्प बसली तरी चालतं' इथेच थांबले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान अर्धं लावून घेऊन मी लिहायला बसलो. आधी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर. 'पट्टे कुजले असल्याचे मी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगितले होते.' स्पष्ट शब्दांत! कागदावर मी अडखळत नाही, त्यामुळे खोटंही तिथे सफाईनं निघून जातं. एकदा निघालं म्हटल्यावर मी थांबलो नाही. डॉक्टरांवर उलट प्रतिदावा लिहिला. माझी अब्रू गेली, गिऱ्हाइकं तुटली, मनस्ताप झाला. आणि शेवटी, हे लिहिताना आजही कान तापतात, 'कलावंत म्हणून झालेली मानहानी'. रक्कम अशी टाकली की दावा मधल्या कप्प्यात नुसता जाऊ नये, चांगला आतपर्यंत जावा. मग वकील बोलेल आणि मी शेजारी बसून मान डोलावीन, एवढाच माझा हिशेब होता. त्या रकमेतलं काही मिळावं असं माझ्या मनातही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती खिडकीवर नसते हे मला डब्यामुळे ठाऊक होतं. नेमकं तेव्हा जाऊन कागद देऊन आलो.

तिचं ऑफिस सुटलं की ती सरळ घरी जाते. त्या दिवशी दुकानात आली. स्टूल ओढून बसली. मी सुईत दोरा ओवत होतो.

"आज एक प्रतिदावा आला," ती म्हणाली. "असं काही मजेशीर आलं की आमच्या मोठ्या बाई चहाच्या वेळी वाचून दाखवतात. आठ खुर्च्यांच्या मजुरीबदली एकानं जवळजवळ वाडाच मागितलाय, म्हणाल्या. मग ते वाचलं. कलावंत म्हणून झालेली मानहानी. सगळे हसले."

मी सुई खाली ठेवली.

"मीपण हसले, बाबा. सगळ्यांत जास्त मीच हसले. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला, म्हणाल्या, टाक लहान कप्प्यात. तेव्हा मी अक्षर बघितलं."

माझं अक्षर चांगलं आहे. सगळे तसं म्हणतात. दुकानाची पाटी मीच रंगवली आहे.

"घरच्यांच्या फाईलला आम्ही हात लावायचा नसतो," ती म्हणाली. "दुसऱ्याकडे द्यायची आणि कारण सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं. मी म्हटलं, ओळखीचे आहेत."

मला राग यायला हवा होता. तिच्यावर नाही तर निदान त्या हसणाऱ्यांवर तरी. पण आली ती लाज, आणि तीसुद्धा अशी की कुठे ठेवावी कळेना. जिला कोपऱ्यावरच्या खांबाजवळ भेटायचं, तिच्या टेबलावर मी स्वतःच्या हातानं स्वतःचं हसं नेऊन ठेवलं होतं.

"कशाला केलंत हे?" आता तिचा आवाज चढला. "हात दाखवून अवलक्षण! साधा दावा होता. कुणी ढुंकून बघितलं नसतं. गुपचूप लहान कप्प्यात गेला असता."

"ति-तिथे ब-ब-बो—"

"बोलावं लागलं असतं," ती म्हणाली. माझं वाक्य पुरं करता करता तिला उत्तरही मिळालं होतं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पण पट्ट्यांचं तुम्ही डॉक्टरांना खरंच सांगितलं होतंत ना? कैफियतीत लिहिलंय तसं?"

मी मान डोलावली. या मानेनंच माझा घात केला, एकदा नाही, दोनदा.

"मग घाबरायचं कशाला," ती म्हणाली.

वर्गवारीचा हुकूम आला. प्रतिदाव्याची रक्कम आधाराविना फुगवलेली, प्रतिवादीनं तो मागे घ्यावा हे बरं. मूळ वाद एकाच व्यवहाराचा. खाली मोठ्या बाईंची सही आणि सहीच्या वर एक ओळ: रक्कम लहान, गुंतागुंत नाही. मी प्रतिदावा मागे घेतला. तारखेच्या कागदावर बारीक अक्षरात आणखी एक वाक्य होतं. पक्षकाराला बोलण्यास अडचण असल्यास कुटुंबातील व्यक्तीस सोबत आणता येईल.

तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. मी वाचला होता. तिनंही वाचला असणार. असे कागद तिच्याच ऑफिसातून निघतात. ती टेबल पुसताना तो उचलायची आणि पुसून झालं की पुन्हा तिथेच ठेवायची. शेवटी आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या ऑफिसात फार काम आहे."

"हो," मी म्हणालो. 'हो' मला चांगलं जमतं.

लहान दाव्यांची खोली तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला. आत एक टेबल, पाण्याचा जग, चार पेले, भिंतीवर मोठं घड्याळ. डॉक्टर आधीच येऊन बसले होते, तुटलेल्या खुर्चीचे फोटो समोर मांडून. मी बसण्याआधी सवयीनं खुर्चीच्या बैठकीवर तळवा दाबून पाहिला. कोर्टाचेही पट्टे ढिले होते. न्यायाधीश बाईंनी ते पाहिलं आणि फाईल उघडली. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, साध्या कपड्यांत, चष्मा दोरीला बांधलेला. रस्त्यात भेटल्या असत्या तर शाळेतल्या बाई वाटल्या असत्या.

"तुमच्यासोबत कुणी आलंय का?" त्यांनी विचारलं. "घरचं कुणी? हवं असेल तर ते बोलू शकतात."

"माझ्यासोबत कोणी नाही," मी म्हणालो.

एका दमात म्हणालो. 'म' हे माझं सगळ्यांत वाईट अक्षर, तेसुद्धा लोण्यातून निघाल्यासारखं निघालं. मला इतकं बरं वाटलं की मी मान वर केली. तेव्हा दिसलं, डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

दारात माझी मुलगी उभी होती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिच्यामागे बोळात पिकल्या केसांच्या एक बाई होत्या, त्या मोठ्या बाई, हे मी न सांगता ओळखलं. मुलगी आत आली. "मी यांची मुलगी," ती म्हणाली. "इथेच वर्गवारीच्या टेबलावर असते. यांची फाईल माझ्याकडे नव्हती. तसं वर सांगून आलेय. परवानगी असेल तर बसते."

ती माझ्या शेजारी बसली. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. टेबलावरचा पाण्याचा जग बघत राहिलो.

डॉक्टर बोलले. चांगलं बोलले. माणूस वाईट नाही. आपल्या दवाखान्यात माणूस पडला याचं त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. मग न्यायाधीश बाई माझ्याकडे वळल्या. "पट्टे कुजल्याचं डॉक्टरांना सांगितलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. काय सांगितलंत?"

"मी त-त-त्यां—"

"बाबांनी त्यांना आधीच सांगितलं होतं," माझी मुलगी म्हणाली. तिचा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. स्टुलावरचा आवाज. "दवाखान्यात जाऊन सांगितलं. खालचे पट्टे गेलेत, बदलावे लागतील, मजुरी वाढेल. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, नुसतं कापड बदला."

शेवटचं वाक्य पदरचं होतं.

"मी असं म्हणालो?" डॉक्टरांनी कपाळावर हात ठेवला. ते चिडले नाहीत. आठवायला लागले. "असेन म्हणालो. हातात काम असलं की मी काय बोलतो ते मलाच... हे येऊन गेले होते खरे. मला आठवतंय, दारात उभे होते."

न्यायाधीश बाईंचं पेन कागदावर चालायला लागलं. मुलीनं टेबलाखालून माझ्या हातावर हात ठेवला. आता काही करायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसायचं, आणि गप्प बसण्यात माझा हात धरणारा जन्माला यायचाय. शिवणयंत्र वाचलं होतं. मुलगी सगळ्या ऑफिसला सांगून माझ्या शेजारी येऊन बसली होती. आणि तिच्याच कोर्टात, तिच्याच वरिष्ठांसमोर, तिच्या तोंडून माझं खोटं बाहेर पडलं होतं. तिला ते खोटं आहे हे ठाऊकही नव्हतं.

"न-न-न—"

"नक्की आठवतं बाबांना," ती म्हणाली.

मी तिचा हात बाजूला केला. टेबलावर तळवा आपटला की काय, ते आठवत नाही, पण जगमधलं पाणी हललं.

"त्यांना बोलू द्या," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"न-नाही. मी स-स-सां—" डोळे मिटले. मान हलायला लागली. घड्याळाचा आवाज येत होता. 'सांगितलं' हा शब्द माझ्या आणि त्या टेबलाच्या मध्ये कुठेतरी अडकून पडला होता. डॉक्टर छताकडे बघत असणार. ते वाक्य कधी संपलं मला सांगता यायचं नाही, पण संपलं. मी सांगितलं नव्हतं. दारात उभा राहिलो, मान डोलावली, आलो. पट्टे कुजलेत हे मला ठाऊक होतं.

डोळे उघडले तेव्हा न्यायाधीश बाई माझ्याकडेच बघत होत्या. "का नाही सांगितलंत?"

"वे-वेळ ल-लागतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी समोरचे फोटो गोळा केले, उगाचच एकावर एक नीट लावले. न्यायाधीश बाईंनी लिहिलेल्या दोन ओळींवर काट मारली. मग माझ्या मुलीला विचारलं, "दवाखान्यात तुम्ही होता का त्या वेळी?"

"नाही."

"मग पुढे कधी कुणासाठी बोललात, तर स्वतःला ठाऊक आहे तेवढंच बोला. तुम्ही तर इथल्याच आहात."

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. तिचं तोंड कानापर्यंत लाल झालं. मोठ्या बाई दारातून कधी गेल्या ते कळलं नाही, पण हे त्यांनी ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खरं बोललो होतो आणि त्याचा दंड तिनं भरला होता.

निकाल सोपा झाला. आठही खुर्च्यांचे पट्टे मी माझ्या खर्चानं बदलून द्यायचे, तुटलेली चौकट सांधून द्यायची. नव्या खुर्च्या नाहीत, नाचक्कीची भरपाई नाही. शिवणयंत्र वाचलं. डॉक्टर उठताना म्हणाले, "आता आलात की मला काम थांबवायला लावा." मी मान डोलावली.

बोळातून ती पुढे आणि मी मागे असे चाललो. मी बाजूच्या दाराकडे वळलो. तिकडून कोपऱ्याचा खांब जवळ पडतो. ती वळली नाही. सरळ पुढच्या मोठ्या दारातून बाहेर पडली आणि पायऱ्यांच्या मधोमध थांबली. जेवणाची सुट्टी झाली होती. तिच्या ऑफिसातले लोक उतरत होते, कुणी तिच्याकडे बघत, कुणी मुद्दाम न बघता.

"मला आधी सांगायचंत," ती म्हणाली. "घरी विचारलं होतं मी."

मी मान खाली घातली.

"जाऊ दे ते. तसं मीही पदरचं घातलंच." तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून मुठीत धरलं. "पण मी सकाळी मोठ्या बाईंकडे गेले, म्हटलं ते ओळखीचे नाहीत, माझे वडील आहेत. खाली आले तर काय ऐकलं? माझ्यासोबत कोणी नाही." ती माझ्याकडे वळली. "किती छान म्हणालात, बाबा. एकदासुद्धा अडखळला नाहीत."

"तु-तु-तुला ल—" मी सुरुवात केली. तुला लाज वाटू नये म्हणून, असं म्हणायचं होतं. अर्ध्यावर ते सोडून दिलं. खरं नव्हतं ते. मी नव्यानं सुरुवात केली, त्या वाईट अक्षरापासून. "म-म-म-मला—"

पुढचे दोन्ही शब्द तिला ठाऊक होते. ते तिच्या ओठांवर आलेले मला दिसले. लोक आम्हाला वळसा घालून उतरत होते. ती काही बोलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत, सगळ्यांच्या वाटेत, ती थांबून राहिली.